तोंड पुसून

"काका, किती घेता?"

डॉक्टरांचा हात माझ्या उजव्या बरगडीखाली रुतलेला होता आणि प्रश्न त्यांनी माझ्या पोटालाच विचारला असावा, कारण चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. वयानं माझ्या पुतणीएवढ्या. सरकारी हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात त्यांच्यामागे शिकणाऱ्या मुलामुलींचा घोळका उभा होता.

"काय घेता?" मी विचारलं. उगाचच विचारलं. पोट वाढलेल्या पुरुषाला डॉक्टर 'किती घेता' विचारतात तेव्हा ते चहाबद्दल नसतं, एवढं कळण्याइतका मी मुंबईत जुना आहे.

"ड्रिंक्स हो. रोज, की फक्त शनिवार-रविवार?"

"मी घेत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. थेंबसुद्धा नाही."

घोळक्यातला एकजण हसला. असं म्हणणारे त्यानं रोज बघितले असणार. कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर माझी आई बसली होती. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचं ते तोंड फिरवणं मला लहानपणापासून पाठ आहे. वडील जिन्यात धडपडल्याचा आवाज आला की शेजाऱ्यांसमोर ती तसंच तोंड फिरवायची. मला इतकी लाज वाटली की अंगातल्या तापातही कान वेगळे तापले.

माझे वडील प्यायचे. हे आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे इथे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, मग ते घरी होते, आणि घरी असलेला माणूस कुठेतरी जातोच. ते दूध आणायला जायचे. हातात ॲल्युमिनियमची किटली, खांद्यावर टॉवेल. "दूध हाडूक जातंय," म्हणून निघायचे आणि परत यायचे ते टॉवेलानं तोंड पुसत. किटलीत कधी दूध असायचं, कधी नळाचं पाणी आणि नावाला थोडं दूध. आई काही बोलायची नाही. जवळ जायची, त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची आणि किटली ओट्यावर ठेवायची. पुढे पुढे तर ती त्यांच्या चपलाच माळ्यावर टाकून ठेवायची, म्हणजे बाहेर जायला नकोत. शेवटी त्यांचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, ताप उतरेना, आणि ते गेले. मी तेव्हा कॉलेजात पाऊल टाकत होतो. लिव्हर गेलं, असं सगळे म्हणाले. आमच्याकडे 'लिव्हर' हा शब्द अवयवाचं नाव म्हणून कोणी वापरतच नाही, ते एका सवयीचं नाव आहे.

म्हणून मी प्यायलो नाही. यात मोठेपणा काही नाही, भीती होती. ऑफिसच्या पार्टीत मी थम्सअप घेऊन कोपऱ्यात उभा राहणारा माणूस. लग्नात, गावच्या शिमग्यात, कुठेच नाही. पण नुसतं न पिण्यानं माणसाचं समाधान होत नाही, त्याला काहीतरी पिऊन दाखवायचं असतं. मला ते मिळालं धारोष्ण दुधात.

धारोष्ण दूध म्हणजे म्हशीच्या सडातून निघालेलं, कोमट, फेसाळ, न तापवलेलं दूध. ते अमृत असतं, त्यानं हाडं मजबूत होतात, पूर्वीचे पैलवान तेच प्यायचे, हे मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की कोणी पहिल्यांदा सांगितलं तेही आठवत नाही. आमच्या नव्या बिल्डिंगपासून चालत जाण्याच्या अंतरावर, टॉवरांच्या बेचक्यात एक तबेला अजून टिकून आहे. बिल्डरानं तो अजून कसा सोडलाय हे बिल्डरालाच ठाऊक. सकाळच्या फिरण्याच्या निमित्तानं मी तिथं जायचो. तबेल्याचा भैया धार काढता काढता एक स्टीलचा पेला भरून माझ्या हातात द्यायचा. मी उभ्या उभ्या प्यायचो. जगातल्या सगळ्या पिणाऱ्यांकडे तेव्हा मी थोडा वरून बघायचो. आता आठवलं की हसू येतं आणि लगेच ते हसू जातंही.

एक अडचण होती. घरी हे सांगायची सोय नव्हती. आमच्या आईचा दुधाबाबतचा नियम देवपूजेपेक्षा कडक आहे: तापवल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. ती दुधाचं पातेलं गॅसवर ठेवते आणि उकळी फुटेपर्यंत तिथून हलत नाही, अगदी फोन वाजला तरी. पिशवीचं दूध तापवायची गरज नसते असं माझी बायको तिला एकदा म्हणाली होती, त्यावर आईनं दिवसभर अबोला धरला. तिला कच्च्या दुधाचं सांगितलं असतं तर तिनं माझं बाहेर पडणंच बंद केलं असतं. मग मी पन्नाशी उलटलेला, दोन पोरींचा बाप, चोरून दूध प्यायला लागलो. दारात लॅचची किल्ली फिरवण्याआधी रुमालानं मिशा पुसायचो.

ताकाला जाऊन भांडं लपवणं ऐकलं होतं. मी दुधाला जाऊन तोंड लपवत होतो.

"खंय गेललंस?" आई आतूनच दार उघडून विचारायची.

"फिरायला."

"फिराक? मगे तोंड कित्याक पुसतंस?"

"घाम आलाय गं."

ती माझ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, म्हातारी झाली, उगाच चौकशी करते.

मग ताप सुरू झाला. संध्याकाळी थंडी वाजून यायचा, रात्रीतून इतका घाम सुटायचा की बनियन पिळावं लागे, आणि सकाळी मी बरा असायचो. बरा असायचो म्हणून कामावर जायचो. काही दिवस ताप गायब व्हायचा, मी खूश व्हायचो, की पुन्हा यायचा. कंबर अशी धरायची की वाकून बुटाची लेस बांधता येईना. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मलेरियाची तपासणी केली, डेंग्यूची केली, टायफॉइडची केली. काहीच निघालं नाही. "व्हायरल असेल," ते म्हणाले. मुंबईत ज्या तापाचं कोणी नाही त्याचं व्हायरल असतं. अशक्तपणा वाढला म्हणून मी दूध वाढवलं, एकाचे दोन पेले केले. माझ्या अकलेची वाट लागली ती इथे.

शेवटी सोनोग्राफी झाली. लिव्हर वाढलंय आणि स्प्लीनही वाढलीय, असं निघालं. स्प्लीन म्हणजे प्लीहा, जुनी माणसं पानथरी म्हणतात ती. पण बायकोनं शेजारणीला सांगितलं तेव्हा त्यातलं फक्त लिव्हर मजल्यावर पसरलं. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधला गृहस्थ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय राव, कधी बोलला नाहीस! एकट्यानंच?" आणि डोळा मारला. मी त्याला शिव्या घालायला हव्या होत्या. मी हसलो. का हसलो ते मला अजून कळलेलं नाही, पण त्या हसण्याची मला त्या डोळा मारण्यापेक्षा जास्त लाज वाटते.

आई हसली नाही आणि चिडलीही नाही. ती फक्त सवयीप्रमाणे वागायला लागली. संध्याकाळी मी आलो की जेवण तयार असायचं, सातच्या आत, म्हणजे पुन्हा बाहेर जायचं कारण उरू नये. पाणी देताना ती वाकायची आणि क्षणभर तिचं नाक माझ्या तोंडाजवळ थांबायचं. आणि एका सकाळी माझ्या चपला सापडेनात.

मी घरभर शोधल्या. बायको म्हणाली, "ऑफिसला विसरलास की काय रे?" चपला कोणी ऑफिसला विसरून अनवाणी येतो का? शेवटी बाथरूमवरच्या माळ्याकडे नजर गेली. जुन्या सुटकेसच्या मागून एका चपलेचा अंगठा बाहेर आला होता. बायकोला ते विनोदी वाटलं. तिनं मोठ्यानं हसून आईला हाक मारली, "अहो आई, ह्यांच्या चपला माळ्यावर कशा गेल्या?" आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

मला मात्र त्या माळ्यावरच्या चपला कुणाच्या आहेत ते कळलं. वडील जाऊन एवढी वर्षं झाली, चाळ पाडून टॉवर झाला, आणि आईनं चपला पुन्हा वर टाकल्या. मी त्या खाली काढल्या नाहीत. बायकोच्या रबरी स्लिपर घालून गेलो. कुठे? तबेल्यात. दूध प्यायला. टाचा अर्ध्या बाहेर लोंबत होत्या.

एका संध्याकाळी ऑफिसात चक्कर येऊन पडलो आणि हॉस्पिटलात भरती झालो. बायको पतपेढीत कामाला, तिला रोज रजा मिळेना, म्हणून दिवसा आई माझ्यापाशी बसायला लागली. वॉर्डात मी एकदम लोकप्रिय झालो. प्लीहा एवढी मोठी, हाताला लागणारी, रोज कुठे मिळते! शिकणारी पोरं एकामागून एक यायची. "काका, शर्ट वर घ्या ना." मग उजव्या मांडीच्या बाजूनं बोटं तिरकी वर सरकवत डाव्या बरगडीपर्यंत न्यायची. "श्वास घ्या. सोडा. परत घ्या." श्वास घेतला की आत काहीतरी त्यांच्या बोटांवर येऊन आपटायचं आणि त्यांचे चेहरे उजळायचे. पेरू पिकलाय का ते बाजारात दाबून बघतात तसं माझं पोट दिवसभर दाबलं जात होतं, आणि प्रत्येक जण जाताना तोच प्रश्न विचारून जायचा. किती घेता. मी तेच उत्तर द्यायचो. आई खिडकीकडे बघायची.

मोठ्या राउंडला डॉक्टर पुन्हा आल्या. पोरांना शिकवत होत्या. आपल्याकडच्या उष्ण हवेत, ताप आणि त्यासोबत लिव्हर-स्प्लीन दोन्ही वाढलेले असले की नुसत्या दारूचा विचार करून चालत नाही, मलेरिया असतो, टायफॉइड असतो, टीबी असतो, काळा आजार असतो, रक्ताचा कॅन्सरही असतो, असं त्या सांगत होत्या. कॅन्सर शब्दावर मी आईकडे बघितलं. तिला कळला होता.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारायला सुरुवात केली. बिहारकडे गेला होतात का? घरात कोणाला टीबी? तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलात? घरात कुत्रा, मांजर? मी नाही नाही म्हणत गेलो.

"बाहेरचं काही खाता-पिता? कच्चं, उघड्यावरचं?"

इथे मी थांबलो. खरं सांगतो, उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण स्टुलावर आई होती. तिच्यादेखत, एवढ्या पोरांसमोर, मी रोज सकाळी फिरायला जातो असं खोटं सांगून तबेल्यात उभा राहून दूध पितो आणि तोंड पुसून घरी येतो, हे म्हणायचं? पन्नाशीतल्या माणसानं? आणि शेवटी दूधच ते. दुधानं कोण मरतं?

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या कॉटकडे वळल्या. तेव्हा आई उठली. तिला उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो, तसा ठेवून उठली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तो खोटा सांगता."

सगळा घोळका वळला.

"तो पिता. सकाळीच उठान जाता, पिवन येता, आणि दारात तोंड पुसता. मी बघलंय. माझो घोव पण असोच जाय. तो मेलो, तेव्हा मी गप रवलंय. आता नाय रवाचंय. तुमी लिवा काय ता, आणि तेका औषध द्या."

माझी आई कधी चारचौघांत बोलली नव्हती. चाळीत वडिलांबद्दल कोणी काही म्हटलं तर ती दार लावून घ्यायची. त्या दिवशी ती चाळीस खाटांच्या वॉर्डात उभी राहून स्वतःच्या मुलाला दारुडा म्हणत होती. शेजारच्या कॉटवरचा माणूसही कोपरावर उठून ऐकत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बायका म्हणतात ते मला तेव्हा अगदी पटलं.

"काका?" डॉक्टर म्हणाल्या. "आजी म्हणतात ते खरं आहे? सकाळी काय पिता?"

"दूध," मी म्हणालो.

पोरं हसली. या वेळी सगळी हसली. आई मात्र माझ्याकडे इतक्या दुःखानं बघत होती की मला तिच्याकडे बघवेना.

"तुझो बापूस पण दूधच सांगी," ती म्हणाली.

ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, ही म्हण मी शाळेत निबंधात वापरली होती. मला कुठे ठाऊक, ती माझ्याचसाठी राखून ठेवलीय.

हसल्या नाहीत त्या फक्त डॉक्टर. त्या परत माझ्या कॉटशी आल्या.

"कसलं दूध?"

"तबेल्यातलं. धारोष्ण."

"म्हणजे कच्चं? न तापवलेलं? रोज?"

"रोज."

"तिथल्या म्हशी आजारी होत्या का हो? गाभडल्या वगैरे?"

गाभडल्या होत्या. दोन म्हशींची रेडकं वेळेआधीच मेलेली पडली होती. भैया तेव्हा पेंढ्यावर डोकं धरून बसला होता आणि मी त्याला धीर देऊन, त्याच तबेल्यातलं दूध पिऊन, तोंड पुसून घरी गेलो होतो. मी हे सांगितलं तेव्हा पोरांचं हसणं थांबलं. डॉक्टर आईला म्हणाल्या, "बरं झालं बोललात आजी," आणि रक्त काढायला सांगितलं.

रिपोर्ट यायला वेळ लागला. तोवर आई माझ्याशी बोलली नाही. डब्यातून पेज आणायची, भरवायची, पण बोलायची नाही. मी दूधच म्हणत होतो आणि तिला दरवेळी तोच जुना जिना ऐकू येत होता. रिपोर्टात काहीही निघो, पण दारू निघू नये, असं मला वाटायला लागलं. कॅन्सर निघाला तरी चालेल, असंही एकदा मनात आलं. आईनं माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून मी मरायलाही तयार झालो होतो. लाज माणसाला किती मूर्ख करते!

ब्रुसेलोसिस निघाला. गुराढोरांचा आजार, कच्च्या दुधातून माणसात येतो, ताप वर-खाली होत राहतो, लिव्हर आणि प्लीहा सुजतात. दीड महिना गोळ्या घ्यायच्या, बरा होतो. डॉक्टरांनी हे मला सांगितलं आणि मग मुद्दाम आईसमोर उभं राहून तिला सांगितलं.

"म्हणजे दारू नाय?" आईनं विचारलं.

"नाही आजी. ते खरंच दूध पीत होते. कच्चं दूध पीत होते हाच गाढवपणा."

मी जिंकलो होतो. कितीतरी वर्षं, वडील गेल्यापासूनच म्हणा ना, मला कोणीतरी हेच सांगायला हवं होतं: हा त्याच्यासारखा नाही. मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे आनंद नव्हता. ती स्टुलावर हळूच खाली बसली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ह्येच्या बापाशीक पण ताप येय. थंडी वाजी, घाम सुटी. पोट असाच कडक. कोणी असो हात लावून बघूक नाय. आमी म्हटला, दारूच. माका तेका दवाखान्यात न्हेवक लाज वाटी."

डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट मिटला. मग म्हणाल्या, "आता कसं सांगणार आजी. दारूनंही असेल. तापानंही असेल. दोन्ही असतील."

"दोन्ही," आई म्हणाली.

घरी आलो तेव्हा माझ्या चपला दारात, जोडीनं, नीट पुसून ठेवलेल्या होत्या. त्या कोणी काढल्या ते मी विचारलं नाही. संध्याकाळी आईनं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि नेहमीसारखी त्याच्यापुढे उभी राहिली. मी ओट्याशी जाऊन थांबलो. ती दुधाकडे बघतच बोलली.

"कधी कधी तो खराच दूध हाडूक जाय. भरलेली किटली घेवन येय. तरी मी तेचा तोंड हुंगी."

 वडील भरलेली किटली घेऊन दारात उभे आहेत आणि तोंडाचा वास घेऊ देतायत, हे मी कधी डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. माझ्या आठवणीत ते नेहमी नळाच्या पाण्याच्या किटलीचेच राहिले होते. खरं बोलत असताना खोटं ठरण्याची लाज काय असते ते मला नुकतंच कळलं होतं. त्यांना ती किती वेळा गिळावी लागली असेल, देव जाणे.

दूध उतू जायला आलं. तिनं गॅस बंद केला, दूध दोन भांड्यांत वरखाली करून निववलं, पेला भरला आणि माझ्या हातात दिला. मी तिच्यासमोर उभा राहून प्यायलो. सगळं प्यायलो. साय मिशांना लागली ती तशीच राहू दिली.

आईनं पदराचं टोक पुढे केलं.

"तोंड पूस रे," ती म्हणाली. "लोक काय म्हणतले?"